सहा मीटरवरून सरडा

२ फेब्रुवारी, रविवार. दुपारी ४.१५

आणला एकदाचा.

भिंगरीच्या आठव्या वाढदिवसाचा शब्द होता. पोरीला मांजर हवं होतं. पण मांजर उडी मारतं. कुत्रा भुंकतो. पोपट आपलंच बोलणं आपल्याला ऐकवतो, ते मला नको. शॅमेलियन, म्हणजे तो रंग बदलणारा सरडा, यातलं काहीच करत नाही असं प्राणीवाला म्हणाला. नुसता बसतो. बसणारा प्राणी आपल्याला चालेल, असं मी घरात जाहीर केलं.

जाळीचा पिंजरा हॉलमध्ये, खिडकीशेजारी. आत एक कुंडी, तीन फांद्या, वर दिवा. प्राणी टीव्हीच्या रिमोटएवढा, शेपटी सोडून. प्राणीवाल्याने स्वतः येऊन आत सोडला. मी सुपरव्हिजन केलं. जिन्यातून.

त्याने सांगितलेलं लिहून ठेवतो, फार भराभरा बोलतो तो. वाटीतलं पाणी पीत नाही, पानांवर स्प्रे मारायचा, थेंब चाटतो. जिवंत किडे खातो, ते वरच्या झडपेतून टाकायचे. वरून हात न्यायचा नाही, वरून येतं ते त्याच्या मते घार. घाई करायची नाही. विश्वास बसला की आपणहून हातावर येतो. नाहीच जमलं तर चार आठवड्यांत परत घेतो. म्हणजे दोन मार्चपर्यंत.

मी जागच्या जागी नियम केला. जोवर प्राण्याचा घरातल्या कर्त्या माणसावर विश्वास बसत नाही, तोवर दार कुणी उघडायचं नाही. दोन मार्चपर्यंत माझ्या हातावर आला तर राहील. नाहीतर परत. त्याच्याच भल्यासाठी.

भिंगरीने विचारलं, आणि माझ्या हातावर आला तर? मी म्हटलं, त्याने काय होतंय, जबाबदारी माझी आहे. ती बराच वेळ पिंजऱ्याकडे बघत राहिली. मग माझ्याकडे. मग म्हणाली, बरं.

नाव मी सम्राट सुचवलं. तेवढ्यात तो एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर गेला, अकरा मिनिटं लागली. भिंगरीने सावकाश हे नाव ठेवलं. बायको तिच्या बाजूने. इथे मात्र मी सम्राटच लिहिणार.

रोजनिशी ठेवण्यामागे शास्त्रीय नोंद हा एकच हेतू. भीतीबिती काही नाही.

३ फेब्रुवारी, सकाळी ७.४०

पद्धत सापडली. रात्रभर जागा होतो, पण विचार करत होतो म्हणून.

सतरा वर्षं चष्म्याच्या दुकानात लोकांचे नंबर काढतोय. तक्ता सहा मीटरवर का टांगतात? कारण सहा मीटरच्या पलीकडे डोळा निवांत असतो. जे डोळ्याचं तेच मनाचं. तेव्हा सुरुवात सहा मीटरवरून, रोज पंचवीस सेंटिमीटर पुढे. चोवीस दिवसांत अंतर शून्य. सत्तावीस तारखेला सम्राट हातावर, वर तीन दिवस शिल्लक.

हॉल साडेचार मीटर भरला. उरलेला दीड मीटर स्वयंपाकघरात जातो. खुर्ची ओट्याला टेकवून बसलो. तिथून दाराच्या फटीतून त्याची शेपटी दिसते. शेपटीशी वीस मिनिटं नजरानजर केली. आधी तिनेच नजर वळवली.

बायको चहा टाकायला आली, म्हणाली सरक. म्हटलं सरकलो तर रीडिंग चुकेल. ती फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन झालेल्यांना पहिलं पाऊल टाकायला लावते. तिची एक खास नजर आहे, पलंगाची कड न सोडणाऱ्या पेशंटसाठी राखून ठेवलेली. ती तिने माझ्यावर का वापरली कळलं नाही.

५ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.२०

किडे आले. रातकिडे, पन्नास, डब्यात. डबा हातात धरला की आतून हलतो.

झडप उघडली. डबा उपडा केला. डबा व्यवस्थित उपडा झाला, फक्त झडपेवर नाही.

मी सोफ्यावर चढलो वगैरे भिंगरी सांगते ते खरं नाही. मी सोफ्यावर होतोच. उभा होतो एवढंच.

तिने ग्लास आणि पुठ्ठा घेऊन एकेक पकडला. मोजले. एकोणपन्नास. म्हटलं दुकानदाराने एक कमी दिला असणार.

६ फेब्रुवारी, दुपारी १.३०, दुकान

पन्नासावा माझ्या शर्टाच्या खिशात होता.

कळलं ते नंबर काढायच्या अंधाऱ्या खोलीत. समोर एक काकू. त्यांना विचारलं, तिसऱ्या ओळीतलं अक्षर दिसतंय का. त्या म्हणाल्या, अक्षराचं राहू द्या, तुमच्या खिशात कोण गातंय ते आधी बघा.

बाकीचं लिहीत नाही. काकूंचा नंबर शेवटी मालकांनी काढला.

८ फेब्रुवारी, सकाळी ८.००

आनंदाची बातमी. सम्राट मला ओळखायला लागला.

भिंगरी पिंजऱ्याशेजारी बसून अभ्यास करते तेव्हा तो नुसता हिरवा असतो. भेंडीसारखा. कंटाळलेला. मी दारात दिसलो रे दिसलो की पिवळे पट्टे, काळे ठिपके, अंग फुगतं, आणि तोंड उघडून हसतो. माझ्यावर उधळतो त्यातला एक रंग तिच्यावर उधळत नाही. वाईट वाटतं पोरीचं.

हसल्यावर हिस्स असा आवाज येतो. खोकला असावा. पंखा बंद केला.

ठरलेलं अंतर: पावणेपाच मीटर. प्रत्यक्ष: सहा. खुर्ची पुढे घेतली नाही कारण फरशी ओली होती.

९ फेब्रुवारी

फरशी ओली.

१० फेब्रुवारी, दुपारी २.१०, दुकान

मालकांना अडचण सांगितली. म्हटलं, मालक, घरात सहा मीटर नीट मिळत नाहीत, त्यामुळे प्रगती अडलीय. मालक म्हणाले, सरड्याची धाव कुंपणापर्यंत आणि तुझी ओट्यापर्यंत. वर म्हणाले, इथे तरी कुठे सहा मीटर आहेत रे? तीन मीटरची खोली. आरसा लावून सहा करतो ना आपण? इतकी वर्षं काय झोपा काढल्यास का?

अक्षरशः डोळे उघडले. आमच्या खोलीत तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे असतो आणि तो समोरच्या आरशात वाचतो. तीन मीटर जायला, तीन यायला.

घरीही तेच करायचं. पिंजऱ्यासमोर साडेतीन मीटरवर आरसा. मी मध्ये, सम्राटकडे पाठ करून. आरशात तो सहा मीटरवर, प्रत्यक्षात पाठीमागे एक मीटरवर! म्हणजे एकाच वेळी धाडसही झालं आणि सुरक्षितही राहिलो. असा विचार आजवर कुणी केला नसेल.

मालकांनी जुना आरसा दिला. पाच फुटी. रिक्षात मावत नव्हता, चालत आणला.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी ७.००

बसलो. मानेभोवती मफलर घट्ट गुंडाळला, थंडी आहे. बायको म्हणाली पंखा लावलायस की. तो सम्राटसाठी, म्हटलं.

पाठीमागे एक मीटरवर तो आहे हे पाठीला कळतं. पाठीला डोळे नसतात पण कान असतात. नऊ मिनिटं बसलो. उठलो तेव्हा शर्ट खुर्चीला चिकटला होता.

अंतर: एक मीटर!!! (ऑप्टिकली सहा.)

११ फेब्रुवारी, सकाळी ७.१५

सम्राटचा ड्रेस बदललाय. जवळपास काळा. फुगलाय, पुढेमागे डुलतो. पद्धत लागू पडतेय.

आरशावर भिंगरीचा टॉवेल टाकलेला होता. मी काढला. ती म्हणाली धूळ बसते म्हणून टाकला. पोरीला स्वच्छतेची आवड लागली, चांगलं आहे.

१२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

झडपेतून टाकलेले किडे तसेच. खाल्लं नाही. डायटवर असेल.

परत टॉवेल. परत काढला.

१३ फेब्रुवारी

खाल्लं नाही. फांदीच्या टोकाला, पानांमागे, काळा.

जेवताना भिंगरीने ताट सरकवलं. म्हणाली, तो नाही खात तर मलाही भूक नाही. बायकोने समजावलं. मी समजावलं नाही, कारण माझ्याही घशाखाली उतरत नव्हतं.

१४ फेब्रुवारी, सकाळी १०.४०

प्राणीवाल्याला फोन केला. त्याने विचारलं, समोर काही ठेवलंय का, पंखा, टीव्ही, आरसाबिरसा? आरसा म्हटल्यावर तो जो ओरडला. अहो साहेब, हे फार एकलकोंडं जनावर. तुम्ही त्याच्यापुढे त्याच्याच मापाचा एक गुंड आणून उभा केलाय. दिवसभर. हा फुगतो तर तोही फुगतो. हा काळा तर तोही काळा. जीव जाईल त्याचा धसक्याने.

मी म्हटलं, पण काळा म्हणजे खूश ना? तो म्हणाला, साहेब, साधा हिरवा म्हणजे खूश. पट्टे, फुगणं, तोंड वासणं म्हणजे टरकलाय.

फोन ठेवल्यावर आठ तारखेची नोंद परत वाचली. मग फाडणार होतो, पण शास्त्रीय नोंद आहे.

आरसा काढायचा निर्णय मी तातडीने घेतला. (काढला भिंगरीने आणि बायकोने. माझे हात गार पडले होते.)

१४ फेब्रुवारी, दुपारी १२.२०

खाल्लं! दोन! हिरवा!

भिंगरी नाचली. मी पण, आतल्या आत.

१५ फेब्रुवारी, सकाळी ९.००

बायकोने जुनं उकरून काढलं. म्हणे, भिंगरी झाली तेव्हाही तुझं असंच होतं. अकरा दिवस उचलली नव्हतीस. पाळण्यापासून हातभर लांब उभा राहायचास आणि कुणी दिली की म्हणायचास, राहू दे, झोपलीय.

साफ खोटं. मला सर्दी होती. अकरा दिवस सर्दी राहू शकते.

मग बाराव्या दिवशी कशी गेली सर्दी, तिने विचारलं. तीच म्हणाली, बाराव्या दिवशी मी तुझ्या मांडीवर ठेवली आणि सरळ आंघोळीला निघून गेले.

ते आठवतं. पाऊण तास. मान अवघडली, मुंग्या आल्या, पण पापणी हलवली नाही. हलवली असती तर काहीतरी तुटलं असतं असं वाटत होतं. तिचं का माझं, ते आता आठवत नाही.

असो. विषय शॅमेलियनचा आहे.

१७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.१५

सेफ्टी फर्स्ट. काच घासायचा गॉगल, ओव्हनचे लाल हातमोजे, हेल्मेट. असा दारात उभा राहिलो. सम्राट पट्टेदार झाला. बायको म्हणाली, त्याच्या जागी मी असते तर मी पण झाले असते.

सगळं उतरवलं. मफलर ठेवला.

भिंगरीचं एक लक्षात आलंय. हल्ली माझ्या शेजारी येऊन बसते. बोलत नाही. माझ्याकडे बघत पण नाही, खिडकीबाहेर बघते. मी खुर्ची जरा पुढे घेतली की हळूच एक बिस्किट पुढे करते. मागे घेतली तर नाही करत. लाडात आलीय पोर.

आज चार बिस्किटं झाली. अंतर: साडेतीन मीटर.

१८ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.४०

ती म्हणाली, बाबा, चष्मा दे, पुसून ठेवते. दिला. माझा नंबर उणे सहा. चष्मा काढला की समोर नुसता हिरवा धूर. सरडा नावाला नाही. इतकं निवांत वाटलं! एक मीटर सहज पुढे गेलो.

पुसायला बराच वेळ लावला तिने.

डब्यात एकवीस रातकिडे हवे होते, चौदाच आहेत. सम्राट दार उघडून स्वतः घेत असणार. हुशार आहे. पिंजऱ्यापुढे भिंगरीचं स्टूल कशाला येतं ते मात्र कळत नाही.

२० फेब्रुवारी, सकाळी ८.१०

भिंगरीला शाळेचा प्रोजेक्ट आहे. ‘माझा प्राणी’. खाकी कव्हरची वही. टेबलावर उघडी होती, एक ओळ दिसली. ‘आज दोन मीटरवर आला. घाम आला पण पळाला नाही. तीन बिस्किटं खाल्ली.’

शॅमेलियनला घाम येत नाही. बिस्किट तर तो हुंगणारही नाही. पोरीचं निरीक्षण कच्चं आहे, मार्क जाणार. पण बोललो नाही. लेकराचा उत्साह मारू नये.

२२ फेब्रुवारी, शनिवार. संध्याकाळी ५.४०

आज दार उघडतो. मी स्वतः. तारखा मागे पडल्या आहेत, एकदम भरून काढू.

आजवर त्याचा एक डोळा माझ्यावर आणि एक छतावर असायचा. आज दोन्ही डोळे एकदम माझ्यावर यायला हवेत. दोन्ही डोळे एका जागी म्हणजे पूर्ण लक्ष. पूर्ण लक्ष म्हणजे विश्वास. हे बघायचं असल्यामुळे चष्मा घालावा लागणार. भिंगरी नको म्हणत होती. तिला बिस्किटं आणायला आत पाठवली.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.५०, बाथरूम

घडलेलं क्रमाने.

दार उघडलं. तोंड तीस सेंटिमीटरवर नेलं. कानाजवळ गुदगुल्या होत होत्या. घाम, असं मी ठरवलं. एक डोळा आला माझ्यावर. मग दुसरा. दोन्ही! चार आठवड्यांची तपश्चर्या (तीन). माझे डोळे भरून आले.

मग त्याने तोंड किंचित उघडलं आणि काहीतरी गुलाबी माझ्या डोळ्याच्या कोपऱ्यावर आपटून परत गेलं.

जीभ.

चष्म्याच्या काडीवर रातकिडा बसला होता म्हणे. भिंगरी दाराबाहेरून सांगतेय. दोन्ही डोळे एका जागी म्हणजे नेम धरतो तो, असंही सांगतेय. आधी सांगायला काय झालं होतं?

सहापासून आत आहे. दाढी केली. सकाळी केली होती. हात थरथरत नाहीत, बेसिन थरथरतंय.

बाहेरून विचारलं तिने, बाबा, दार लावलंस ना? म्हटलं, लावलंय, कडी घातलीय. ती म्हणाली, बाथरूमचं नाही.

२२ फेब्रुवारी, संध्याकाळी ७.५०

पिंजरा रिकामा होता.

मी बाथरूममधून बाहेर पाऊल टाकलं आणि भिंगरी म्हणाली, बाबा, पाय खाली ठेवू नकोस. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज कापत होता. तो जमिनीवर असला तर दिसत नाही, म्हणाली.

एक पाय वर होता. तो वरच ठेवला. भिंतीला धरून.

बायको आणि ती रांगत रांगत सगळा हॉल तपासत होत्या. सोफ्याखाली, पडद्यामागे, चपलांत. मी एका पायावर. तीन आठवडे मला वाटत होतं, तो माझ्यावर येईल. आज पहिल्यांदा वाटलं, मी त्याच्यावर जाईन. रिमोटएवढा. त्याची सगळी हाडं मिळून माझ्या एका बुटात मावतील. माझी पोर जमिनीला गाल लावून त्याला हाका मारत होती आणि त्याला त्या ऐकू येत नाहीत हे तिला माहीत होतं.

पंचवीस मिनिटं. मग बायको म्हणाली, सापडला.

दारामागच्या खुंटीवर माझा मफलर, मफलरवर तो. हिरवा. नुसता, साधा हिरवा.

मी डोळे मिटले. धूळ गेली होती. उघडले तेव्हा तो आत होता आणि भिंगरी दार लावत होती. कसा गेला ते विचारलं नाही. मग पाय खाली ठेवला.

२३ फेब्रुवारी

दिवसभर चालताना खाली बघत होतो. दुकानातसुद्धा.

२५ फेब्रुवारी, सकाळी ८.३०

पूर्ण विचारांती निर्णय. सावकाशला परत देणं योग्य. कारणं: एक, हॉलमध्ये खिडकीचा वारा येतो. दोन, रातकिडे गातात, शेजाऱ्यांना त्रास. तीन, भिंगरीच्या अभ्यासावर परिणाम. चार, दार मी उघडं टाकलं होतं.

चौथं खोडणार होतो. राहू दे.

प्राणीवाल्याला फोन केला. रविवारी अकराला खोका घेऊन येतो म्हणाला.

भिंगरीला सांगितलं. वाटलं रडेल, मी उत्तरं तयार ठेवली होती. ती रडली नाही. म्हणाली, नियम दोन तारखेचा होता ना? म्हणजे रविवारी अकरापर्यंत वेळ आहे. हो म्हणावं लागलं. मग तिने आईकडे खाऊचा डबा मागितला. अख्खा.

बायको म्हणाली, पलंगाची कड सोडायच्या आधी सगळे पेशंट असंच म्हणतात. घरी जातो, म्हणे, त्यापेक्षा.

२६ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

दीड मीटर. चष्मा नाही. बिस्किटं पाच.

मी काही प्रयत्न करत नाहीये. निरोपाचा मान म्हणून बसतो.

२७ फेब्रुवारी, संध्याकाळी ६.३०

आज अंतर शून्य होणार होतं, मूळ प्लॅनप्रमाणे. पाऊण मीटर. सात बिस्किटं. ॲसिडिटी.

भिंगरीने विचारलं, बाबा, तुला नेमकं कशाचं वाटतं? चावेल म्हणून? म्हटलं छे. पडेल म्हणून? म्हटलं मला काहीच वाटत नाही. ती म्हणाली, बरं, मग ज्याचं काहीच वाटत नाही ते पडलं तर मी खाली उशी ठेवते. ठेवली. सोफ्यावरची मोठी.

उशी बघून बरं वाटलं हे कबूल करायला हरकत नाही.

१ मार्च, शनिवार. संध्याकाळी ६.००

तिने माझा हात धरला. जाळीपर्यंत नेला. बोटं जाळीला लागली. पलीकडे तो. म्हणाली, बाबा, त्याच्याकडे बघू नकोस, खिडकीबाहेर बघ. बघितलं. समोरच्या गच्चीवर एक बाई चादरी काढत होती. सहा चादरी, दोन अभ्रे.

आठ मिनिटं.

रात्री तो फिका पडून झोपला तेव्हा मी लांबून गुड नाइट म्हटलं. उद्या जाणार म्हणून. माणुसकी.

२ मार्च, रविवार. सकाळी ७.३०

चार वाजल्यापासून जागा आहे. छाती धडधडतेय. चहा जास्त झाला असेल, अजून घेतलेला नाही.

अकरा वाजता खोका येणार. शास्त्रीय प्रयोग अपुरा राहिला असं कुणी म्हणू नये, म्हणून एकदा हात आत घालणार. एकदाच. खालून. तो येणार नाही. मग सगळ्यांचं समाधान होईल.

भिंगरीने माझा चष्मा आपल्या खिशात ठेवलाय.

२ मार्च, ११.२०

डाव्या हाताने लिहितोय. उजवा बिझी आहे.

आला.

हात ठेवला, खिडकीबाहेर बघितलं. आज चादरी नव्हत्या. नाइलाजाने डोळे मिटले. मग बोटावर कुणीतरी चिमट्यासारखं धरलं. गार. मग दुसऱ्या बोटावर. थांबला. डुलला. पुढचं पाऊल टाकावं की नाही याचा त्याने इतका विचार केला की मला एकदम वाटलं, अरे, हा पण माझ्यासारखाच आहे. मग टाकलं.

बेशुद्ध पडायचं होतं. उशी होती. पण पडलो असतो तर तो पण पडला असता. म्हणून नाही पडलो.

प्राणीवाला आला, भोकं पाडलेला खोका घेऊन. मला बघून म्हणाला, वा साहेब, तुम्ही बरेच हिरवे दिसताय. चहा पिऊन रिकामा खोका घेऊन गेला. भिंगरी त्याला जिन्यापर्यंत सोडायला गेली आणि तिथून जी किंचाळली ती तिन्ही मजल्यांवर ऐकू आली. आनंदाने. इकडे दोघंही दचकलो. एकमेकांना धरून होतो म्हणून निभावलं.

२ मार्च, दुपारी १.१०

आता डोक्यावर आहे. सोफ्यावर बसलोय. मान अवघडलीय. पापणी हलवत नाहीये.

बायको म्हणाली, उतरवू का? म्हटलं, राहू दे, बसलाय.

ती आत गेली. थोड्या वेळाने आंघोळीच्या पाण्याचा आवाज आला.

३ मार्च, संध्याकाळी ७.००

एकूण प्रयोग यशस्वी. जनावराच्या मनात विश्वास निर्माण करणं ही कला आहे, आणि ती उपजत असावी लागते. सगळ्यांनाच जमत नाही. मालकांना सविस्तर सांगितलं. मालक म्हणाले, बरं झालं, आता आरसा परत आण.

भिंगरीच्या प्रोजेक्टमध्ये तज्ज्ञ म्हणून चार दुरुस्त्या सुचवाव्यात या हेतूने खाकी वही उघडली. ती खेळायला गेली होती. पहिलं पान उतरवून घेतो.

‘माझा प्राणी. नाव: बाबा. वय: ४१. राहण्याची जागा: ओट्याजवळ. खाद्य: बिस्किटं, साधी, क्रीमची नाही. स्वभाव: घाबरट पण प्रेमळ. सूचना: एकदम जवळ जायचं नाही. डोळ्यांत बघायचं नाही. चष्मा काढला की शांत होतो.’

पुढे.

‘६ फेब्रुवारी. सावकाश माझ्या हातावर आला. पाचव्याच दिवशी. बाबाला सांगायचं नाही, आई म्हणाली, नाहीतर तो अजून मागे जाईल. आता फक्त बाबाचं बाकी आहे.’

‘१७ फेब्रुवारी. आज लाल हात, मोठं डोकं केलं. घाबरला की फुगतो.’

‘२२ फेब्रुवारी. एका पायावर उभा राहिला. रडला. धूळ गेली म्हणाला. मी पण धूळ म्हणाले.’

‘२७ फेब्रुवारी. आई म्हणाली त्याला उशी ठेव. ठेवली.’

‘२ मार्च. बाबा हातावर आला!!! रंग आधी पांढरा, मग लाल, मग नेहमीचा. पळाला नाही. दोघांनाही परत द्यायचं नाही.’

खाली बाईंची सही आणि शेरा: निरीक्षण उत्तम.

वही होती तशी मिटून ठेवली. पिंजऱ्यापुढे उभा राहिलो. सावकाश हिरवा होता. त्याचा एक डोळा माझ्यावर, एक वहीवर. त्याला पहिल्यापासून सगळं माहीत होतं तर.

मग आठवलं, शेवटच्या पानावर आणखी काहीतरी होतं पेन्सिलने. परत उघडली. एकच ओळ.

‘आता रातकिडे. हातात.’

जिन्यात तिची पावलं वाजतायत. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज येतोय.

अंतर: सहा मीटर. खुर्ची ओट्याला टेकवली आहे. फरशी ओली आहे.